अंगठ्याचं ऑडिट

जखम भरत आली की किस्से कमी व्हायला हवेत. आमच्या बाकड्यावर उलटं आहे. पाय सुधारत जातो आणि तोंड बिघडत जातं.

बाकडं म्हणजे चिंचवडच्या एका दवाखान्यातलं, ड्रेसिंग रूमच्या बाहेरचं. मंगळवार-शुक्रवार सकाळी आम्ही शुगरवाले तिथं पायाच्या पट्ट्या बदलायला जमतो. समोर लॅबचं दार. एक पाय बुटात, दुसरा पट्टीत, आणि नंबर येईपर्यंत काम काही नाही. अशा जागी किस्से साठणार नाहीत तर काय व्याज साठणार?

मला नाना म्हणतात. शाळेनं मला सहावीत सोडलं. महाळुंग्याची आमची जमीन कंपनीत गेली आणि तिच्या मागोमाग मीही कंपनीत गेलो, फोर्कलिफ्टवर. आता रिटायर आहे, पण थट्टा अजून तिन्ही शिफ्टला चालू. माझ्या डावीकडे बसतात काळेवाडीच्या सुमनमावशी, मूळच्या मराठवाड्याच्या, कंपन्यांना डबे पुरवतात. उजवीकडे शेठ, गावठाणातला, जमिनी विकता विकता शेठ झालेला. आणि टोकाला, पायाखाली रुमाल अंथरून, कदम साहेब. कंपनीत क्वालिटीला. त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर सर्जनचा डोळा होता. बिल्डर मोकळ्या प्लॉटकडे बघतो ना, तसं ते त्या अंगठ्याकडे बघायचे. हा अंगठा लक्षात ठेवा, राव.

* * *

माझी बाकड्यावर भरती कशी झाली ते आधी सांगतो.

शुगर जुनी झाली की पायाला कळेनासं होतं. काही झालं तरी तक्रार करत नाही, कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरासारखा गप सोसतो. नोकरीतलं शेवटचं वर्ष होतं. फर्स्ट शिफ्ट करून घरी आलो, बूट काढला, तर मोजा लाल! बायकोनं बूट उलटा केला आणि टणकन एक नट खाली पडला. अख्खी शिफ्ट मी त्याच्यावर उभा होतो. टाचेला हे भोक.

मला वाटलं आता ही रडणार. तिनं नट उचलला, खिडकीपाशी नेऊन नीट बघितला आणि म्हणाली, "गेटवर झडती घेतात ना तुमची? मग हा बाहेर आला कसा?"

* * *

दवाखान्यात आलो तेव्हा वाटलं, बघतील, मलम देतील, घरी जा म्हणतील. पण लॅबच्या मॅडमची रीत वेगळी. जखमेत कोण बसलंय ते कळल्याशिवाय औषध देणं त्यांना पटत नाही. त्या जखम आधी सलाइननं धुतात, वरचा सडका थर खरवडून टाकतात आणि आतल्या मांसाचा कण बाटलीत घेतात. मी म्हटलं, वर एवढा पू आहे, तोच घ्या की. तर म्हणाल्या, "वर कोणीही येऊन बसतं, नाना. खरा भाडेकरू आत असतो."

तो कण थाळीतल्या जेलीवर पसरायचा आणि थाळी उबदार कपाटात ठेवायची. जंतू पोटभर जेवतात, वाढतात, त्यांच्या वस्त्या डोळ्यांना दिसायला लागतात. मग कोणता जंतू ते ओळखायचं, त्याला दुसऱ्या थाळीत पसरून वर औषधांच्या बारीक टिकल्या ठेवायच्या. ज्या टिकलीभोवती जंतू उगवत नाही, मोकळा गोल राहतो, ते औषध आपल्या कामाचं. याला म्हणायचं कल्चर.

म्हणजे आधी खाऊपिऊ घालायचं आणि मग कापायचं. आमच्याकडे बोकडाला हीच वागणूक असते.

त्या थाळ्यांत एक तपकिरी थाळी असते, तिला लॅबवाले चॉकलेटची थाळी म्हणतात. हे कळल्यावर मी गप्प बसणार? शेठच्या कानात सांगितलं की तुमच्या पायातल्या जंतूंना आत चॉकलेट चालू आहे. शेठ तसाच लंगडत लॅबच्या दारात.

"आमाला च्यात साखर न्हाई, आन् त्यांना चॉकलेट? बिल कुनाच्या नावावर लावताय?"

मॅडमनी थाळी आणून दाखवली. नुसतं रंगावरून नाव पडलंय, चॉकलेट कसलं, ते मेंढीचं रक्त तापवून केलेलं असतं. शेठचं तोंड वाकडं झालं. मावशी मात्र पुढं सरकून बघायला लागल्या.

"म्हंजे रक्तीच की ही," त्या म्हणाल्या. "मीठ-मिरची टाकली का न्हाई?"

* * *

शेठचा रिपोर्ट आला त्या दिवसाची गंमत वेगळीच.

जंतूचं नाव असं लांबलचक, की ते पुरं होईस्तोवर पेशंट बरा व्हावा. मॅडमनी सोपं करून सांगितलं की हा जंतू थाळीवर वाढला की सोनेरी दिसतो. झालं. शेठनं बाकड्यावर येऊन गळ्यातली सोन्याची साखळी नीट केली आणि सगळ्यांना ऐकवलं, "आपल्या पायात बी सोनंच निघालं बगा." ड्रायव्हरला फोन, मेहुण्याला फोन, सोसायटीच्या चेअरमनला फोन. जमिनीला सोन्याचा भाव आला तेव्हासुद्धा माणूस इतका खुलला नव्हता.

तेवढ्यात मावशींचा रिपोर्ट आला. तोच जंतू. तसाच सोनेरी.

शेठ उठून आत गेला. मॅडमना म्हणाला की काहीतरी अदलाबदल झाली, मी पुण्यात मोठ्या लॅबमध्ये पुन्हा करून घेतो, पैशाचं बघू नका. मॅडमनी समजावलं की हा जंतू कोणाच्याही कातडीवर असतो, तुमच्याही, त्यांच्याही, माझ्याही. ते ऐकून तो आणखी खट्टू झाला.

मी म्हटलं, "शेठ, जंतूला सातबारा वाचता येत नाही हो."

मावशी पिशवी आवरता आवरता म्हणाल्या, "माझा परत घ्या म्हनावं. मला कुठं हौस हाय ह्यांच्याशी सोयरीक करायची."

* * *

मावशी बोलायला तिखट, आणि हळदीच्या बाबतीत तर हात लावू देत नाहीत. त्यांच्या पहिल्या कल्चरच्या वेळी थाळीवर भलताच जंतू उगवला. मॅडम कोड्यात. हा मातीत सापडतो, मसाल्यात सापडतो, पायात काय करतोय? विचारल्यावर निघालं की मावशींनी सकाळी निघताना जखमेत बोटभर हळद दाबली होती. रिकामी जखम घेऊन बाहेर पडायचं त्यांना बरं वाटेना.

मॅडम म्हणाल्या की हा जंतू तुमच्या पायाचा नाही, हळदीतून आलाय. बस्स. मावशींनी पदर खोचला.

"चाकणच्या निम्म्या कंपन्या माझी हळद खातेत. एका माणसाचं पोट दुखलं न्हाई अजून. तुमच्या थाळीला पचना झाली तर त्याला मी काय करू?"

मॅडमनी हात जोडले. दुसऱ्यांदा नमुना घेतला तो हळदीशिवाय. जाताना मावशी त्यांना अर्धा किलोची पुडी देऊन आल्या. "घरी टाका भाजीत, मंग बोला."

* * *

आता आमच्या मेडिकलवाल्याचं ऐका. नाव-गाव सांगत नाही, पोटावर पाय कशाला. हा काउंटरच्या आतून, पाय न बघता, नुसतं चेहऱ्यावरून गोळी देतो. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला तरी चालतो. बाकड्यावरच्या निम्म्यांनी आधी त्याच्याच गोळ्या खाल्लेल्या. एक गोळी संपली की त्याहून भारी. मॅडम कपाळाला हात लावतात, कारण अर्धवट गोळ्या खाऊन जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. आणि कल्चरच्या आधी खाल्ल्या तर थाळीत उगवतच नाहीत, दडून राहतात.

एकदा घरी एक वांगं सडलं. मधून फुटलेलं, कडेनं काळं, आत पाणी. मला ते बघून भरून आलं. जवळून फोटो काढला आणि दिला पाठवून. खाली एक अक्षर लिहिलं नाही.

लगेच उत्तर आलं. सकाळ-संध्याकाळ एक गोळी, सोबत पित्ताची एक, उपाशीपोटी घेऊ नका.

थोड्या वेळानं परत मेसेज. "काका, जखम जुनी दिसते. पेशंटला शुगर आहे का?"

मी लिहिलं, "नाही. भरीत करायचं होतं."

त्यानं मला ब्लॉक केलंय. पण हाच फोटो मी बाकड्यावर सगळ्यांना दाखवला, आणि कदम साहेबांनी तो बघून खिशातलं पाकीट हळूच आणखी आत सरकवलं. गोळ्यांचं पाकीट. त्याच दुकानाचं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

* * *

कदम साहेब म्हणजे आयुष्यभर ऑडिट दिलेला माणूस. ज्यांना चाकणची हवा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कस्टमरचे साहेब कंपनी बघायला येणार असले की आधीचा आठवडा दिवाळीचा असतो. जमिनीवर पिवळे पट्टे नव्यानं मारतात, कुंड्या येतात, आमच्यासारख्यांना नवे ग्लोव्हज मिळतात. आणि रिजेक्ट मालाची लाल ट्रॉली गुपचूप कॅन्टीनच्या मागं जाते, ताडपत्रीखाली. पाहुणे बघतात, खूश होतात, जेवतात, जातात. ट्रॉली परत जागेवर. हे सगळ्यांना ठाऊक असतं. ताडपत्री शिवणाऱ्यालासुद्धा.

साहेबांना सेफ्टी शूजनं अंगठ्याला घासलं आणि त्याची जखम झाली. सर्जननी स्पष्ट सांगितलं की अजून हाडापर्यंत गेलेलं नाही. कल्चर करा, नेमका जंतू कळला की नेमकं औषध देऊ, अंगठा राहील. नाही कळला आणि असंच वाढत गेलं, तर काढावा लागेल.

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. साहेब तयारीला लागले. पायाला हवं ते सोडून बाकी सगळं त्यांनी बरोबर केलं. मेडिकलवाल्याकडून भारीतली गोळी आणून आधीपासून चालू केली. रोज सकाळी जखम जंतुनाशकानं घासून काढली. कडेची मेलेली कातडी कात्रीनं सरळ रेषेत कापली. नखं कापली. कल्चरच्या दिवशी नवा पांढरा मोजा, वर टाल्कम पावडर. मॅडमनी विचारलं, काही औषध चालू आहे का? साहेब म्हणाले, काही नाही. ऑडिटमध्ये काय विचारलं तर काय सांगायचं, हे त्यांच्या रक्तात होतं.

रिपोर्ट आला. काहीही उगवलं नाही.

साहेब बाकड्यावर आले ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन. बिनसाखरेचे, पण पेढे. प्रत्येकाच्या हातावर ठेवून म्हणाले, "झिरो डिफेक्ट." आम्हीही खाल्ले, पाठ थोपटली. शेठनं तर विचारलं की तुमचा पाय एवढा स्वच्छ कसा, आम्हाला पण सांगा. आणि पास झाल्यावर तयारी कोण चालू ठेवतं? साहेबांनी गोळ्या बंद केल्या, घासणं बंद केलं.

मंगळवारी आले तेव्हा अंगठा वांग्यासारखा झाला होता. मी फोटोत पाठवलेल्या.

लाली पावलावर चढलेली, अंगात कणकण. सर्जननी बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम प्रेमळ झाला, तेव्हाच मी समजलो की हे काही खरं नाही. म्हणाले की आजच औषध चालू करतोय, पण त्याच्या आधी नवा नमुना लॅबला गेला पाहिजे. तो बोलला तर ठीक. या वेळीसुद्धा काही उगवलं नाही, तर सोमवारी अंगठा.

मॅडमनी साहेबांना गोळ्यांचं पुन्हा विचारलं. मावशी मध्येच म्हणाल्या, "सांगा की आता. अंगठा जायलाय, इज्जत काय पायात हाय का तुमची?"

साहेबांनी खिशातून रिकामं पाकीट काढून दिलं. मॅडम रागावल्या नाहीत, तेच वाईट. एवढंच म्हणाल्या, "मी तुम्हाला नापास करायला नव्हते बसले, कदम साहेब."

* * *

आता तुम्हाला वाटेल माणूस सुधारला. छे. मॅडम सामान आणायला आत वळल्या, आणि साहेब उठून उभे.

"नाना, मी घरी जाऊन पटकन पाय धुऊन येतो. असा कसा दाखवू? तयारी काहीच नाही."

मी म्हटलं, अहो असाच हवाय त्यांना. तर म्हणाले, तसं सगळेच ऑडिटर म्हणतात. चिंचवडातच घर, रिक्षानं गेलो आणि आलो. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या. अंगठ्याचं नाही, घाणीचं.

अशा माणसाला शब्दानं अडवता येत नाही. पण सगळ्या दवाखान्याचा एक नियम त्यांना पाठ होता आणि तो ते मेले तरी मोडणार नव्हते. शुगरच्या पेशंटनं अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलंय, आणि भिंतीवर लावलेलं साहेब पाळतात.

त्यांनी खाली बघितलं. सर्जनना दोन्ही पाय दाखवायला काढलेला डाव्या पायाचा बूट जागेवर नव्हता.

बाकड्याखाली बघितलं, शेठच्या मागं बघितलं, जागेवरूनच ड्रेसिंग रूममध्ये विचारलं. शेठ म्हणाला कुत्र्यानं नेला असेल. मी म्हटलं, दुसऱ्या मजल्यावर? मग लिफ्टनं, शेठ म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वेळेवर सुचलं. मावशी डब्यांची पिशवी मांडीवर घट्ट धरून जप करत होत्या. त्यांना जप करताना त्याआधी कोणी बघितलेलं नाही.

मॅडम ट्रे घेऊन आल्या. साहेब रुमालावर उभे, पायाला पावडर नाही, मोजा कालचा. मॅडमनी लॅबमधल्या चपला दिल्या, त्या घालून पकडल्या गेलेल्या माणसासारखे आत गेले.

दार लागल्यावर मावशींनी पिशवीतून बूट काढला आणि नाक धरून माझ्या अंगावर टाकला. "नाना, ह्या डब्यात आज कुनाची भाजी जायची, तुमीच सांगा आता."

* * *

या वेळी थाळी भरून आली. एक नाही, दोन नाही, तीन जातीचे जंतू. मॅडम लॅबमधून बाहेर आल्या त्या लॉटरी लागल्यासारख्या. मेडिकलवाल्याच्या गोळीला तिघांपैकी एकानंही भीक घातली नव्हती, तिच्याभोवती मोकळा गोल नावाला नव्हता. दुसऱ्या एका औषधाभोवती मात्र कसा स्वच्छ! सर्जननी चालू होतं ते बंद करून लगेच ते लावलं.

आम्ही टाळ्या वाजवल्या. साहेब भिंतीकडे तोंड करून बसले.

"तीन निघाले, नाना," ते म्हणाले. "तीन. माझ्या लाइनला कधी एक निघाला नव्हता."

मी म्हटलं, निघाले नव्हते की दाखवले नव्हते? पुढचे बरेच दिवस माझ्याशीच बोलले नाहीत. अंगठ्याची लाली उतरली, सूज उतरली, खालून गुलाबी मांस वर यायला लागलं. सर्जन आपले दर मंगळवारी बघून निराश होऊन जायचे.

जखम पुरी बंद झाली त्या शुक्रवारी साहेब इस्त्रीचे कपडे घालून लॅबमध्ये गेले आणि म्हणाले की आता परत एकदा कल्चर करा, हवं तर न सांगता करा. मॅडम हसल्या. जखमच नाही, तर नमुना कुठला घेणार?

साहेब तिथंच उभे राहिले. "म्हणजे मॅडम, माझा शेवटचा रिपोर्ट फेलचाच राहणार?"

* * *

आणि आता हा शेवटचा. हा मी बघितलेला नाही, माझ्या पुतण्यानं बघितलाय. साहेबांच्याच कंपनीत तो फोर्कलिफ्ट चालवतो, आणि घराण्यात खोटं बोलायचं काम माझ्याकडे आहे, त्याच्याकडे नाही.

गेल्या महिन्यात तिथं परदेशी पाहुणे आले. पिवळे पट्टे झाले, कुंड्या झाल्या. लाल ट्रॉली पुतण्यानंच नेऊन कॅन्टीनच्या मागं लावली आणि ताडपत्री ओढली. पाहुणे काचेच्या केबिनमध्ये बसले. प्लँटचे मोठे साहेब पडद्यावर काहीतरी दाखवत होते. बाहेर आवाज येत नाही, नुसतं दिसतं.

एका पाहुण्यानं कदम साहेबांकडे बघून काहीतरी विचारलं. मोठ्या साहेबांनी मध्येच उत्तर द्यायला सुरुवात केली. कदम साहेबांनी त्यांना हातानं थांबवलं. मग खाली वाकले. बुटाची नाडी सोडली. बूट काढला, मोजा काढला, मोज्याची नीट घडी केली. आणि उजवा पाय उचलून टेबलावर ठेवला, पाण्याच्या बाटल्यांच्या मधोमध.

अंगठा वर-खाली हलवून दाखवला.

मोठे साहेब पांढरेफटक. पाहुणे आधी मागं सरकले, मग एकेक करून पुढं वाकले. एकानं तर चष्मा लावला. कदम साहेब बोलत होते. बराच वेळ बोलले. मग पाहुणे उठले आणि कदम साहेब पुढं, बाकी सगळे मागं, अशी वरात केबिनमधून निघाली ती मशीनकडे नाही, ऑफिसकडे नाही, सरळ कॅन्टीनच्या मागं.

आत ते काय बोलले? पुतण्याला ऐकू आलं नाही. साहेबांना आम्ही विचारलं, ते सांगत नाहीत.

हा किस्सा मी मंगळवारी बाकड्यावर सांगितला. मावशींनी तेवढं विचारलं, "आन् बूट?"

मी म्हटलं, पुतण्या म्हणाला, डावा पायात होता. उजवा हातात.

"म्हंजे कॅन्टीनपस्तोर अनवाणी गेला मेला," मावशी म्हणाल्या आणि लॅबच्या दाराकडे बघून हाक मारली, "मॅडम, थाळी गरम करायला ठिवा."